पेट्रोलची टाकी आणि वजनाचा हिशेब



या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला बोलावले, तेव्हा आम्ही बोनस, महागाई किंवा कंत्राटी कामगार यांपैकी कशावर तरी बोलू अशी त्यांची समजूत असावी. आम्ही विषय कळवला तो शर्यतीच्या मोटारीच्या पेट्रोलच्या टाकीचा. तेव्हा एका गृहस्थांनी हसत विचारले, "साहेब, यात कामगार कोठे आला?" प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर देण्याचाच आमचा आज प्रयत्न आहे.

आमचे शाळेतले शिक्षण थोडके. पत्र्याच्या खात्यात हेल्पर म्हणून लागलो आणि धातूंची ओळख झाली ती हातोडी, कातर आणि वेल्डिंगची ज्योत यांच्या संगतीने. पुढे संघटनेचे काम अंगावर आले. अपघातांची प्रकरणे लढवावयाची तर धातू का तुटतो, वाफ का पेटते, हे समजून घ्यावे लागे. म्हणून सार्वजनिक वाचनालयाची पायरी चढलो. त्या वाचनात ही टाकी आम्हांला भेटली. एखादी वस्तू कशाची करावी हे ठरवताना माणसे कसा हिशेब मांडतात, आणि त्या हिशेबातून कोण वगळला जातो, हे या लहानशा वस्तूत फार स्वच्छ दिसते.

प्रथम टाकीचे काम काय, ते पाहू. तिने पेट्रोल सांभाळावे, गळू देऊ नये. वळणावर पेट्रोल एका बाजूला धावले तरी इंजिनाला ते अखंड पुरवावे. आणि हे सारे करताना स्वतः शक्य तितके हलके असावे. शर्यतीच्या मोटारीला अंगावरचा प्रत्येक किलो तीनदा जड जातो : वेग घेताना, ब्रेक लावताना आणि वळताना. म्हणून तेथील इंजिनियर सोनाराच्या काट्याने वजन करतो म्हटले तरी चालेल. त्यात वावगे काही नाही. प्रश्न येतो तो पुढे.

आपण एक साधा हिशेब मांडू. साठ लिटरची टाकी घ्या, चौकोनी ठोकळ्यासारखी, प्रत्येक बाजू सुमारे ३९ सेंटिमीटर. तिला सहा बाजूंचा मिळून सुमारे ०.९२ चौरस मीटर पत्रा लागेल. एक मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा वापरला तर टाकीचे वजन सुमारे ७.२ किलो भरेल. ॲल्युमिनियम पोलादाच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडे अधिक जड. पण ते नरम, म्हणून पत्रा जाड घ्यावा लागतो. १.६ मिलिमीटरचा घेतला तरी टाकी सुमारे ४ किलोंत होते. मॅग्नेशियम त्याहून हलके. तेवढ्याच जाडीत ती सुमारे २.६ किलोंत बसते. आता आत ओतलेल्या पेट्रोलचे वजन पाहा : साठ लिटरचे सुमारे ४४ किलो. म्हणजे पोलादापासून मॅग्नेशियमपर्यंत सारी धडपड करून जे वाचले, ते जेमतेम सहा लिटर पेट्रोलाइतके!

आणखी एक गंमत आहे. तेच साठ लिटर पेट्रोल १० सेंटिमीटर उंच, ६० सेंटिमीटर रुंद आणि एक मीटर लांब अशा पसरट टाकीत भरा. पत्रा लागेल १.५२ चौरस मीटर, आणि ॲल्युमिनियमची टाकी चार किलोंऐवजी साडेसहा किलोंच्या वर जाईल. ॲल्युमिनियम सोडून मॅग्नेशियम घेतल्याने वाचतात दीड किलोंच्या आतबाहेर. आकार सुधारल्याने वाचतात अडीच. आमच्या खात्यातले जुने मिस्त्री म्हणत, आधी खडूने आखा, मग कातर उचला. धातूची निवड ही पुष्कळदा दुसरी पायरी असते. पहिली पायरी आखणीची.

आता एकेक पदार्थ हाती घेऊ. पोलाद स्वस्त, ठोकून वळवता येते, आणि धडक बसली तर फाटण्यापूर्वी बरेच ताणले जाते. पण पेट्रोलबरोबर थोडे पाणी येतेच आणि आतून गंज धरतो. म्हणून पूर्वी टाकीच्या पत्र्यावर शिसे व कथील यांचा मुलामा चढवीत. ॲल्युमिनियमला तसा गंज नाही. परंतु त्याची खोड वेगळी. सतत थरथर सोसून ते थकते, आणि चीर पडते ती बहुधा वेल्डिंगच्या कडेला. उष्णता देऊन कठीण केलेला मिश्रधातू वेल्डरने जोडला की जोडाशेजारची पट्टी पुन्हा नरम पडते. म्हणून शहाणा कारागीर टाकीसाठी अशी जात निवडतो, जिची मजबुती उष्णतेच्या संस्कारावर अवलंबून नसते, आणि कोपऱ्यात काटकोन न काढता गोलाई देतो. शिवाय ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते. पेट्रोलच्या आगीत एवढी उष्णता सहज होते.

मॅग्नेशियम सर्वांत हलके खरे. पण तो धातू स्वतःच जळतो, आणि जळत्या मॅग्नेशियमवर पाणी टाकले तर त्यातून हायड्रोजन सुटून आग अधिक भडकते. काचतंतूची टाकी हलकी होते, पण तिच्यातील काही राळी अल्कोहोल मिसळलेल्या इंधनात टिकत नाहीत. आज आपल्या पंपांवर वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते, तेव्हा ही गोष्ट केवळ शर्यतवाल्यांची राहिलेली नाही. जाड प्लास्टिकची टाकी आज घरगुती मोटारींत सर्रास असते. ती गंजत नाही, हव्या त्या आकारात ओतता येते. फक्त तिच्यातून पेट्रोलची वाफ हळूहळू झिरपते, म्हणून तिच्या भिंतीत वेगवेगळे थर द्यावे लागतात. कार्बनतंतूचे कवच वजनाच्या मानाने अतिशय मजबूत. पण ते शंभरात दीडच्या आसपास ताणले गेले की एकदम मोडते.

येथे 'मजबूत' या शब्दाचा अर्थ नीट पाहिला पाहिजे. मातीची घागर हातात घेऊन दाबा; ती दबत नाही. कातड्याची पखाल दाबा. ती कशीही दबते. पण दोन्ही ओट्यावरून खाली पडल्या तर पाणी कोणाचे सांडते? आमच्या आजोबांच्या विहिरीवर मोट असे. ती दिवसभर दगडी थारोळ्यावर आपटे आणि फुटत नसे, कारण ती अडून बसत नसे. टाकीच्या बाबतीत रोजच्या कामाला घागरीचा गुण लागतो आणि अपघाताच्या क्षणाला पखालीचा. तराजूत घातले असता यांतला फक्त पहिला गुण दिसतो. दुसरा दिसतो तो माणूस आत अडकल्यावर.

याला इतिहासाचा दाखला आहे. ११ जून १९५५ रोजी फ्रान्समधील ल मां येथील शर्यतीत पिएर लव्हे याची मर्सिडीज उडून बांधावर आदळली आणि तिचे भाग गर्दीत घुसले. तिचे अंग मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे होते. टाकी फुटली, आग लागली, आणि पाण्याने ती विझेना. लव्हे आणि ऐंशीहून अधिक प्रेक्षक त्या अपघातात मेले. मोटारींच्या शर्यतीच्या इतिहासात त्याहून मोठा अपघात झालेला नाही.

तरीही मॅग्नेशियमचा मोह सुटला नाही. १९६८ साली होंडा कंपनीने फॉर्म्युला वनसाठी, म्हणजे या शर्यतींतील सर्वांत वरच्या वर्गासाठी, नवी हलकी गाडी केली. तिच्या अंगातही मॅग्नेशियम होते. कंपनीचा मुख्य चालक जॉन सर्टीझ याने ती पाहिली, चालवली, आणि ती शर्यतीस तयार नाही असे सांगून ती घेण्यास नकार दिला. तेव्हा ७ जुलै १९६८ रोजी रुआँ येथे ती गाडी ज्यो श्लेसर या चाळीस वर्षांच्या फ्रेंच चालकाच्या हाती दिली गेली. पाऊस पडत होता. सुरुवातीच्याच फेऱ्यांत गाडी घसरून बांधावर आदळली. टाकी जवळजवळ भरलेली होती. श्लेसर त्या आगीत गेला. सर्टीझ त्याच शर्यतीत कंपनीच्या जुन्या गाडीवर दुसरा आला.

बंधूंनो, आम्ही हे वाचले तेव्हा आमच्या डोळ्यांपुढे होंडाची गाडी आली नाही. आमचे कारखान्याचे फाटक आले. ज्या माणसाजवळ नाव आहे आणि दुसरी गाडी आहे, तो 'नाही' म्हणू शकतो. ज्याच्यासाठी मायदेशातील ही एक संधी आहे, तो 'नाही' कसा म्हणेल? आणि एकाने नाकारलेले काम दुसऱ्याला देता येते तोवर पहिल्याच्या नकाराने काम सुरक्षित होत नाही. फक्त माणूस बदलतो. फाटकाबाहेर बदली कामगार उभा असतो, हे आम्ही तीस वर्षे पाहत आहोत.

बरे, उपाय ठाऊक नव्हता असेही नाही. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या टाक्यांना रबराचे थर देत. गोळीने भोक पडले की पेट्रोल लागून कच्चे रबर फुगे आणि भोक बुजे. त्याच वाटेने पुढे नायलॉनच्या चिवट कापडावर पेट्रोलला दाद न देणारे रबर चढवून पिशव्या तयार झाल्या. अशी पिशवी धातूच्या पेटीत ठेवावयाची. पेटी चेंबली तर पिशवी तिच्याबरोबर चेंबते; फाटत नाही. पिशवीच्या आत जाळीदार स्पंज भरतात. तो शंभरात दोन-तीन भागच जागा खातो, पण पेट्रोलचे हिंदकळणे कमी करतो आणि आतल्या वाफेचा भडका पसरू देत नाही. नळ्यांना असे जोड बसवतात की ओढ लागली तर ते सुटतात आणि दोन्ही तोंडे आपोआप बंद होतात. पेटीने टोचणाऱ्या वस्तू अडवाव्या, पिशवीने ताण सोसावा, स्पंजाने पेट्रोल धरून ठेवावे, अशी ही कामाची वाटणी आहे. कोणताही एक पदार्थ एकटा हे करू शकत नाही. अमेरिकेच्या सैन्याने १९७० पासून हेलिकॉप्टरांना याच तत्त्वाच्या टाक्या बसवल्या, आणि ज्या अपघातांतून माणूस वाचणे शक्य होते, त्यांत आगीने मरणारांची संख्या जवळजवळ शून्यावर आली.

मग शर्यतवाल्यांनी हे आधी का केले नाही? कारण पिशवीला वजन आहे, किंमत आहे, ती जागा अडवते. ज्याने ती आपणहोऊन बसवली तो प्रत्येक फेरीला मागे पडणार, आणि ज्याने बसवली नाही तो बक्षीस नेणार. एकटा भला माणूस येथे हरतो. त्याच्या भलेपणाला तोटा होऊ नये असा नियम सर्वांना सारखाच लागू व्हावा लागतो.

नियम आले, पण प्रेते मोजून आले. ३० मे १९६४ रोजी अमेरिकेत इंडियानापोलिसच्या शर्यतीत एक पेट्रोलने भरलेली गाडी भिंतीवर आदळून पेटली, आणि डेव्ह मॅकडोनाल्ड व एडी सॅक्स हे दोन चालक मेले. तेव्हा तेथे रबरी पिशवीची सक्ती झाली. फॉर्म्युला वनमध्ये ती सक्ती १९७० पासून आली.

आणि त्या वर्षांत चालक गप्प बसले नव्हते. त्यांची एक संघटना आहे. १९६१ साली ती स्थापन झाली आणि स्टर्लिंग मॉस तिचा पहिला अध्यक्ष. १९६६ साली बेल्जियममधील स्पा येथे जॅकी स्टुअर्टची गाडी पावसात घसरली. तो गाडीत अडकला आणि सुमारे पंचवीस मिनिटे पेट्रोलमध्ये भिजत पडला. ग्रॅहम हिल आणि बॉब बाँडुरांट हे दोन प्रतिस्पर्धी चालक त्याला सोडवण्यासाठी धावले. सुकाणूचे चाक काढावयास पाना नव्हता. तो एका प्रेक्षकाच्या गाडीतून मागून आणावा लागला. ठिणगी पडली नाही म्हणून तो वाचला. पुढे स्टुअर्टने सुरक्षिततेचा प्रश्न हाती धरला. श्रीमंत खेळाडूंना जिवाची एवढी काळजी कशाला, अशी टीकाही त्याने सोसली. १९६९ साली चालकांच्या मागण्या मान्य न झाल्यामुळे स्पाची शर्यत झाली नाही, आणि १९७० साली जर्मनीची शर्यत न्यूरबर्गरिंगहून हॉकेनहाइमला हलवावी लागली. आमच्या भाषेत याला संप म्हणतात.

एक नियम आम्हांला विशेष आवडतो. गाडी अमुक वजनाहून हलकी असता कामा नये, असा तेथे दंडक आहे. फॉर्म्युला वनमध्ये हे किमान वजन १९६६ साली ५०० किलो होते; १९७३ साली, टाकीभोवती धडक शोषणारे आवरण सक्तीचे झाले त्या वेळी, ते ५७५ किलो केले गेले. आपल्या देशात १९४८ साली किमान वेतनाचा कायदा झाला, त्याचेच हे भावंड. स्पर्धा करा, पण या रेषेच्या खाली उतरून नव्हे. टाकी पातळ करून वाचवलेला किलो दुसरीकडे वजनाचा तुकडा ठेवून भरून काढावाच लागणार असेल, तर टाकी पातळ करण्याचा मोह बराचसा ओसरतो. बराचसा म्हणतो, पुरता नव्हे. कारण तो तुकडा गाडीच्या तळाशी ठेवून वळणावर लाभ घेता येतो, आणि हुशार इंजिनियर तो घेतोच. नियमाने माणूस साधू होत नाही. त्याच्या हुशारीला कुंपण मिळते, इतकेच.

पिशवी आली म्हणजे सारे झाले, असेही आम्ही सांगणार नाही. २९ जुलै १९७३ रोजी हॉलंडमधील झांडफूर्ट येथे रॉजर विल्यमसनची गाडी उलटून पेटली. आग लागली तेव्हा तो जिवंत होता. मदतीला असलेल्या माणसांजवळ आगीत जाण्याजोगे कपडे नव्हते. डेव्हिड पर्ली हा दुसरा चालक आपली गाडी थांबवून एकटा धावला आणि जळती गाडी सरळ करण्यासाठी हातांनी झगडला. शर्यत चालूच राहिली. विल्यमसन वाचला नाही. पर्लीला पुढे जॉर्ज पदक मिळाले. त्या दिवशी उणीव होती ती योग्य कपड्यांची, पुरेशा विझवणी साधनांची आणि शर्यत थांबवणाऱ्या हुकमाची.

याउलट २९ नोव्हेंबर २०२० रोजी बहारीनमध्ये पहिल्याच फेरीत रोमँ ग्रोजाँची गाडी ताशी १९२ किलोमीटर वेगाने लोखंडी कठड्यात घुसली, दुभंगली आणि पेटली. तो सुमारे सत्तावीस सेकंद आगीत होता आणि स्वतः बाहेर आला. हात भाजले, जीव वाचला. चौकशीत आढळले की, टाकीची तपासणीची झाकणी निखळली होती आणि इंजिनाकडे पेट्रोल नेणारा जोड पिशवीपासून उखडला होता. म्हणजे पन्नास वर्षे सुधारलेल्या टाकीतही पेट्रोलने वाट काढली ती झाकणीतून आणि जोडातून. वेल्डर, फिटर, शिंपी यांपैकी कोणालाही विचारा, तो सांगेल : गळती सांध्यातून होते. पण तो माणूस वाचला, कारण पदार्थ, कपडे, चौकट, धावून येणारा डॉक्टर आणि विझवणारे हात ही सगळी साखळी त्या दिवशी जागी होती.

आता त्या गृहस्थांच्या प्रश्नाकडे येतो : यात कामगार कोठे आला? तो प्रथम टाकी करताना आला. ही रबरी पिशवी आजही मुख्यतः हाताने घडते. कापड बेतून, थरावर थर चिकटवून, सांधे तपासून. शर्यतीच्या नियमाप्रमाणे तिचे आयुष्य पाच वर्षे. करणाऱ्याने पुन्हा तपासून दाखला दिला तर आणखी दोन. रबराचे वय लिहून ठेवणारा हा नियम पाहून आमच्या मनात येते की, आपल्या कारखान्यांतील किती दोरखंडांवर, नळ्यांवर आणि साखळ्यांवर अशी तारीख लिहिलेली असते?

आणि तो दुरुस्तीच्या वेळी आला. पेट्रोलची भरलेली टाकी भयंकर आणि रिकामी टाकी निर्धोक, असे पुष्कळांना वाटते. खरी गोष्ट उलट असू शकते. हवेत पेट्रोलची वाफ सुमारे दीड ते साडेसात टक्के असली की ती ठिणगीने स्फोट पावते. 'रिकाम्या' टाकीत नेमके तेवढेच मिश्रण जमून राहते. एका लहान वर्कशॉपमध्ये आमच्या ओळखीच्या वेल्डरकडे अशीच टाकी आली होती. नुसत्या पाण्याने खंगाळून मालकाने ती पुढे सरकवली. टाकी वाफेने धुवून वायू मोजून घ्यावा, किंवा पाण्याने वा निष्क्रिय वायूने भरून मगच ज्योत लावावी, याला अर्धा दिवस जातो. तो अर्धा दिवस वाचवला गेला. त्या माणसाचे दोन्ही हात आणि एक डोळा गेला. नुकसानभरपाईसाठी आम्ही चार वर्षे भांडलो. रक्कम मिळाली, डोळा कसा मिळणार? येथेही कोणीतरी हिशेब मांडला होता, आणि त्या हिशेबाच्या कागदावर वेल्डरचे नाव नव्हते.

या सभेत अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी पुष्कळ दिसतात. तुमच्यापैकी काही जण स्वतः छोट्या शर्यतीच्या मोटारी बांधून स्पर्धेला नेतात, याचा आम्हांला अभिमान वाटतो. तुमच्या टाकीत चार-सहा लिटरच पेट्रोल असेल. पण पेटायला तेवढे पुरे. तेव्हा आखणी करताना पदार्थांचा तक्ता जरूर मांडा : वजन, किंमत, मजबुती, वितळण्याची उष्णता. आणि त्यात दोन रकाने आणखी घाला. पहिला : हे मोडेल तेव्हा कसे मोडेल? दुसरा : त्या वेळी जवळ कोण असेल? मग टाकी चालकाच्या पाठीशी, चौकटीच्या आत, धगीपासून दूर बसवा, वेल्डरला जोड तपासण्यास पुरता वेळ द्या, आणि त्याने 'हा जोड मला पसंत नाही' म्हटले तर घड्याळाकडे पाहू नका. त्याच्या या म्हणण्याला किंमत राहावी, एवढ्यासाठीच आमच्यासारख्यांच्या संघटना असतात.